शाळेतील चित्रवही

मराठी शाळेतून शिकलेल्या कोणाही मनुष्यास त्याच्या निबंधाच्या वहीविषयी विचारले, तर तो थोडा लाजेल, थोडा हसेल, पण काहीतरी सांगू शकेल. ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘नदीचे आत्मवृत्त’ हे विषय, त्यांतील ठरीव उपमा आणि ठरीव उपसंहार यांची थट्टा आपल्या टीकाकारांनी मनमुराद केली आहे, आणि त्या थट्टेचा थोडाफार उपयोगही झाला आहे. परंतु त्याच दप्तरात निबंधाच्या वहीला खेटून असणारी चित्रकलेची वही मात्र टीकेच्या तडाख्यातून बव्हंशी सुटली. ती निर्दोष होती म्हणून सुटली असे म्हणवत नाही. ती वाचावयाची वस्तू आहे असे आपणांस कधी वाटलेच नाही, एवढेच. चित्र बरे उतरले तर भिंतीवर टांगावयाचे, बक्षीस मिळाले तर पाहुण्यांस दाखवावयाचे, आणि वही वर्षअखेर रद्दीवाल्याच्या तराजूत घालावयाची, हा आपला शिरस्ता. प्रस्तुत लेखात अशाच काही वह्यांचे, एखाद्या पुस्तकाचे करावे तसे, परीक्षण करण्याचा विचार आहे.

त्याचे निमित्त असे घडले. गेल्या हिवाळ्यात सोलापुरास काही दिवस राहण्याचा योग आला. तेथील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकविणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांनी आपल्या वर्गातील कपाट उघडले, आठवीच्या मुलामुलींच्या वह्यांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला, आणि ‘तुम्ही पुस्तकांवर लिहिता, एकदा यांवर लिहून पाहा,’ असे काहीसे थट्टेने व काहीसे आव्हान देऊन म्हणाले. या वह्यांचे नियम पाच आहेत. आठवड्यातून एक पान भरावयाचे. जे काढावयाचे ते समोर बसून, पाहून काढावयाचे, छापील चित्रावरून किंवा मोबाइलमधील छायाचित्रावरून नाही. खोडरबर वापरावयाचा नाही. पान फाडावयाचे नाही. आणि चित्राखाली वार, तारीख व ठिकाण लिहावयाचे. दोन दिवस मी त्या वह्या वाचीत बसलो होतो. ‘वाचीत’ हा शब्द मी जाणूनबुजून योजिला आहे. तो का, हे पुढे स्पष्ट होईल.

आठवड्याचा हा नेम सोलापुरास विशेष शोभतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशा वारांच्या नावांच्या पेठा असलेले हे गाव. ‘शनिवार, बुधवार पेठ’ अशी एका चित्राखालची नोंद वाचून माझा प्रथम घोटाळाच झाला, आणि मग ध्यानात आले की या मुलांना वार म्हणजे कालही आणि स्थळही. शिवाय येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच रस्त्यावर कानी पडतात. वर्गातील कित्येक मुलांची घरची भाषा मराठी नाही. निबंधात जी मुले अडखळतात, तीच या वहीत मोकळेपणाने बोलताना दिसतात, हा माझ्या वाचनाचा पहिला अनुभव.

या उपक्रमाचे वेगळेपण कळण्यास आपल्याकडील शालेय चित्रकलेच्या इतिहासाकडे एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ च्या मार्च महिन्यात सुरू झाले. योगायोग असा की, जॉन रस्किन यांचे ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तकही इंग्लंडात त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. रस्किन १८५४ पासून लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामकरी लोकांना चित्रकला शिकवीत असत. सुताराचा चित्रकार व्हावा ही त्यांची अपेक्षा नव्हती. सुतार राहूनच त्याची दृष्टी उघडावी आणि त्याचे जगणे अधिक आनंदाचे व्हावे, एवढेच ते मागत. आमच्याकडे मात्र रस्किन आले नाहीत. आली ती साउथ केन्सिंग्टनची पद्धती. उद्योगधंद्यांना अचूक हात हवे होते. म्हणून रेघ सरळ यावी, वर्तुळ वाटोळे यावे, आणि पुढे ठेवलेल्या नमुन्याची नक्कल तंतोतंत उतरावी, हे तिचे ध्येय. मुंबईच्या कलाविद्यालयात १८९३ साली चित्रशिक्षकांचा वर्ग निघाला, आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी ही शिस्त गावोगावच्या शाळांत नेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा त्याच परंपरेतल्या. आज त्या महाराष्ट्राचे कला संचालनालय घेते.

या परीक्षांनी काही चांगले केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या घरात वाण्याच्या दिनदर्शिकेखेरीज चित्र नाही, अशा घरातील मुलाच्या हाती त्यांनी पेन्सिल दिली, आणि शेकडो शाळांत चित्रशिक्षकाची जागा टिकविली. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या विषयांत हाताला वळण लागते, हेही खरे. माझा आक्षेप आहे तो स्मरणचित्राविषयी, आणि तोही विषयावर नसून त्याच्या आजच्या शिकवणीवर. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढणे. त्यासाठी प्रथम काहीतरी पाहिलेले असावे लागते. परंतु शिकवणीच्या वर्गांत पाहण्याची पायरीच गाळून टाकली जाते. ‘बाजार’, ‘जत्रा’, ‘बस थांबा’, ‘पावसाळी दिवस’ या विषयांची तयार मांडणी मुलाकडून घोटून घेतात. डावीकडे झाड, उजवीकडे पाठमोरी बाई, मध्ये फुगेवाला; विषय बदलला तर फुगेवाल्याच्या हाती छत्री द्यावयाची. निबंधातील ‘सूर्य अस्ताचलास जात होता’ या वाक्याची ही सख्खी बहीण होय.

माझ्या म्हणण्याचा पुरावा मला त्या गठ्ठ्यातच मिळाला. एका मुलाने ‘जत्रा’ या विषयावर सरावासाठी काढलेले स्मरणचित्र त्याच्या वहीत घडी घालून ठेवलेले होते. पाळणा, फुगेवाला, आईचे बोट धरलेले मूल, मागे देवळाचे शिखर, सर्व काही जागच्या जागी. रंग स्वच्छ, आकृती प्रमाणबद्ध. ही जत्रा महाराष्ट्रातील कोणत्याही गावची असू शकेल, आणि म्हणूनच ती कोणत्याच गावची नाही. त्याच वहीत जानेवारीतील पान होते. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तिला गावात गड्ड्याची यात्रा म्हणतात. सात नंदीध्वज मिरवीत निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच काठीचे ध्वज तोलीत नेतात. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. होम मैदानावर पाळणे आणि दुकाने लागतात. हा सगळा थाट मुलाच्या पानावर कोठेच नाही. तेथे आहेत फक्त पाठी. खांद्यांवर बसलेली दोन पोरे, एका बाईच्या डोईवरचा पदर, आणि या सगळ्यांच्या पलीकडे, पानाच्या अगदी वरच्या कडेला, काठीचे टोक. ते टोकही एकदा चुकून पुन्हा काढलेले, त्यामुळे दोन काठ्या एकमेकींच्या सावल्यांसारख्या दिसतात. खाली नोंद आहे: ‘मला एवढेच दिसले.’

या दोन जत्रांपैकी परीक्षेत पहिलीलाच वरची श्रेणी मिळेल, याविषयी मला शंका नाही. पण तेरा वर्षांच्या, उंचीने ठेंगण्या मुलास गर्दीत यात्रा कशी दिसते, हे सांगणारी जत्रा दुसरी आहे. तिच्यातील काठी नीट उभी राहिलेली नाही, बोटांची संख्या कमीजास्त आहे, आणि तरीही तिच्यात एक मनुष्य उभा आहे. तो चित्रात नाही, चित्राच्या अलीकडे आहे. ज्या लेखनात लेखकाची उभे राहण्याची जागा कळते, त्या लेखनास आपण प्रामाणिक म्हणतो. हाच कस चित्रालाही का लावू नये?

दुसरी वही एका मुलीची. हिच्या आजी घरी विड्या वळतात. सोलापुरात हजारो स्त्रियांचा संसार या धंद्यावर चालत आला आहे, तेव्हा यात नवल काहीच नाही; परंतु नित्य दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते, हाच तर दृष्टीचा रोग. या मुलीने सुमारे दीड महिना दर आठवड्यास आजीचे हातच काढले आहेत. पहिल्या पानावर मांडीवरचे सूप मोठे, सुपातील पाने व्यवस्थित, आणि हात म्हणजे केळ्यांचे दोन घड. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्या पानावर तिने सूप सोडून दिले आहे आणि पत्र्याचे माप ठेवून पान कापणारी कात्री तेवढी काढली आहे. कात्रीच्या कडीत अंगठा कसा बसतो हे तिला तेथे प्रथम दिसले असावे, कारण चौथ्या पानावर अंगठा एकाएकी खरा झाला आहे. पाचव्या पानावर तंबाखू भरून पान वळणारी बोटे आहेत, आणि ती चुकली आहेत. सहाव्यावर दोरा गुंडाळणारी बोटे आहेत, आणि ती चुकलेली नाहीत. म्हाताऱ्या नखांवरची चीर, मधल्या बोटाचा वाकडा सांधा, सर्व काही आठ-दहा रेघांत. हे सहावे पान एकटे पाहिले असते तर ‘मुलीस हात आहे’ एवढे म्हणून मी पुढे गेलो असतो. पहिल्या पाच पानांसह पाहिल्यामुळे ते एका शोधाची समाप्ती आहे, हे कळले. कादंबरीचे शेवटचे प्रकरण आधीच्या प्रकरणांवाचून जितके समजते, तितकेच चित्रवहीचे चांगले पान चुकलेल्या पानांवाचून समजते. म्हणून मी म्हटले की, या वह्या वाचावयाच्या आहेत.

खोडरबराची बंदी आणि पान न फाडण्याचा नियम यांचे मर्म येथे आहे. हा नियम नवा नाही. लिओनार्दो दा व्हिंची यांनी तरुण चित्रकारास असा उपदेश केला आहे की, जवळ एक लहान वही सदैव बाळगावी. तिचा कागद रंगाचा हात दिलेला असावा, म्हणजे रेघ पुसता येणार नाही. आणि वही भरली की जुनी जपून ठेवून नवी घ्यावी. पाचशे वर्षांपूर्वी पुसण्याची सोय कागदातूनच काढून टाकण्याचा हा विचार आहे. त्यात कठोरता दिसते खरी, पण वस्तुतः ती दया आहे. खोडरबर हाती असलेले मूल एका कपाच्या कानावर सारा तास घालविते आणि शेवटी कागदाला भोक पाडते; ज्याच्याजवळ तो नाही ते मूल चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढून पुढे जाते. मला स्वतःला हे उशिरा कळले. माझ्या लहानपणी एका शाळेत आमचे एक शिक्षक मुलाच्या चित्रावर स्वतःच्या पेन्सिलीने ‘दुरुस्ती’ करीत. माझा आंबा त्यांनी इतका सुंदर करून दिला की, घरी सर्वांनी त्याचे कौतुक केले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे मी आंबा काढला नाही.

तिसऱ्या वहीचा विषय यंत्रमाग. सोलापूरची चादर देशभर प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावरील मोर, वेलबुट्टी व चौकटी ज्या जेकार्ड पद्धतीने उतरतात तिच्यात चित्रकलेचाच एक प्रकार दडलेला आहे. नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर मांडतात. एकेक चौकट म्हणजे ताण्याबाण्याची एकेक भेट. त्या हिशेबाने पुठ्ठ्यांना छिद्रे पाडतात, आणि ती पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरू लागली म्हणजे कोणता दोरा उचलावयाचा आणि कोणता खाली ठेवावयाचा, हे छिद्रेच ठरवितात. एकदा काढलेला मोर हजार वेळा तसाच उमटतो. या शहरातील मुलाची चित्राविषयीची कल्पना अशा आवृत्तीतून घडली तर त्यात आश्चर्य नाही. या मुलाच्या वहीतील पहिली काही पाने खरोखर चादरीसारखीच आहेत: माग समोरून, दोन्ही बाजू सारख्या, पट्टीने आखलेला. मग एका पानाखाली शिक्षकांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात एक प्रश्न लिहिला आहे: ‘दोरा तुटला म्हणजे बाबा कोठे उभे राहतात?’ पुढच्या आठवड्यात माग तिरका झाला आहे, पट्टी नाहीशी झाली आहे, आणि वाकलेली एक पाठ व तुटलेले टोक शोधणारा एक हात पानावर आला आहे. यंत्रमाग आवृत्ती काढतो; त्याच्यापुढे उभा असलेला मनुष्य मात्र क्षणोक्षणी निराळा असतो, हे त्या मुलास एका प्रश्नाने दिसले.

येथपर्यंत स्तुती झाली, आता दोष. या गठ्ठ्यातील सर्व वह्या अशा नाहीत. एकंदर वह्यांपैकी निम्म्याहून अधिक वह्यांत दिवाळीनंतर पाण्याची बाटली, चप्पल आणि पुन्हा पाण्याची बाटली असा क्रम चालतो. काही वह्यांत पाच-सहा आठवड्यांची पाने एकाच बैठकीत उरकलेली आहेत. तारखा निरनिराळ्या, परंतु पेन्सिलीचे टोक तेच, उजेड तोच आणि कंटाळाही तोच. तळ्यातील सिद्धेश्वराचे देऊळ ज्यांनी काढले, त्यांतील बहुतेकांनी ते छापील चित्रावरून काढले आहे. कारण घाटावर बसणारास देऊळ जेथून दिसते तेथून ते एकाही पानावर दिसत नाही. नेम पाळला म्हणजे दृष्टी येतेच असे नाही. नेम ही वाट आहे. वाटेवर झोप लागणारेही असतात.

याहून गंभीर दोष खुद्द शिक्षकांच्या हातून घडला होता, आणि तो त्यांनीच मला मोकळ्या मनाने दाखविला. पहिल्या सत्रात ते चांगल्या पानावर तांबड्या शाईने तारा काढीत. परिणाम असा झाला की, तारा मिळालेले पान वर्गभर फिरले आणि पुढील आठवड्यात बारा वह्यांत तीच सायकल, त्याच बाजूने टेकलेली, अवतरली. ज्यास तारा मिळाला त्या मुलानेही पुन्हा सायकलच काढली, यावेळी छाया अधिक गडद करून. म्हणजे परीक्षेपासून पळून जो आश्रम उभारला, त्यातच परीक्षा शिरली. दुसऱ्या सत्रात त्यांनी तारा सोडला आणि प्रश्न लिहावयास आरंभ केला. ‘ही सावली सकाळची की संध्याकाळची?’ ‘आजीचे दुसरे बोट दिसत नाही, ते काय करते आहे?’ ‘येथे तुझा हात थांबला, का?’ जेथे असा प्रश्न आहे तेथे पुढचे पान हटकून बदललेले दिसते. जेथे नुसती सही आहे तेथे बाटली.

माझ्या मते साऱ्या विषयाचे सार यात आले. चित्रवहीला परीक्षकापेक्षा वाचकाची गरज अधिक आहे. परीक्षक पानाला विचारतो, ‘तू इतरांच्या मानाने कसे आहेस?’ वाचक विचारतो, ‘तू काय पाहिलेस?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूल शेजाऱ्याच्या वहीत शोधते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यास त्याला पुन्हा खिडकीशी, मागाशी किंवा आजीपाशी जावे लागते. उत्तम टीकाकाराचे वाङ्मयात जे कार्य, तेच चित्रशिक्षकाचे या वहीत: लेखकाने अर्धवट पाहिलेल्या जागी बोट ठेवावयाचे आणि बोट काढून घ्यावयाचे. हे काम तारा काढण्याहून कष्टाचे आहे. साठ मुलांच्या वर्गात दर आठवड्यास साठ प्रश्न लिहिणे कोणाही शिक्षकास शक्य नाही. माझे स्नेही दर आठवड्यास पंधराच वह्या घेतात, म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक वही त्यांच्या नजरेखालून जाते. एवढ्यानेही पुष्कळ होते असे दिसते.

आता या उपक्रमावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, कला ही स्फूर्तीची बाब. तिला वार-तारखेचे दावे बांधणे म्हणजे तिची वेठबिगार करणे होय. हा आक्षेप सोलापूर जिल्ह्यात तरी कोणी घेऊ नये. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. वारकरी आषाढीस निघतो तो भक्ती दाटून आली म्हणून निघतो असे नाही. तिथी आली म्हणून निघतो, आणि भक्ती वाटेत भेटते. गवयाचा रियाजही असाच. महाराष्ट्रातील चित्रकारांची चरित्रे पाहिली तरी हेच दिसते. रावबहादुर धुरंधरांनी १८९० पासूनच्या आपल्या विद्यार्थी व शिक्षक जीवनाचा वृत्तांत ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात दिला आहे. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ आणि ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकांसाठी त्यांनी काढलेली रस्त्यावरची माणसे पाहावीत. नऊवारी नेसणाऱ्या बाईचा काष्टा किंवा ओझेवाल्याची वाकलेली मान यांत जी खात्री आहे, ती नित्य पाहून, नित्य रेखाटून आलेली आहे. कोल्हापुरचे आबालाल रहिमान यांनी तर कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात राहून रेखाटनांचा केवढा संसार केला, आणि त्यातील किती थोडा आपल्या हाती लागला! तिकडे शांतिनिकेतनात नंदलाल बोस शिष्यांना व स्नेह्यांना साध्या कार्डांवर रेखाटने टपालाने पाठवीत. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी रंगविलेल्या फलकांवर ढोलवादक, सुतार, दळणारी बाई अशी साधी माणसे आहेत. अशा सवयीचा हात असल्याखेरीज ती इतक्या थोड्या रेघांत उभी राहती ना.

दुसरा आक्षेप पालकांचा: ‘आमचा मुलगा काही चित्रकार व्हावयाचा नाही.’ नसेल. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला, हे सोलापुरातील प्रत्येक चित्रकलेच्या बक्षीस समारंभात ऐकू येण्यासारखे वाक्य आहे. परंतु पुढचा हुसेन शोधण्यासाठी साठ मुलांना दर आठवड्यास राबविणे हा अन्यायच होईल. वहीचा उपयोग उरलेल्या एकोणसाठांना आहे. जो डॉक्टर होईल त्याला रोग्याचा हात पाहावयाचा आहे. जो बांधकाम करील त्याला भिंतीचा ओळंबा. आणि ज्याला कोणी निबंध लिहावयास लावील, त्याला ‘सूर्य अस्ताचलास गेला’ असे लिहिण्यापूर्वी एकवार वर पाहण्याची सवय. आपल्या वाङ्मयात वर्णनाचे जे दारिद्र्य आहे, त्याचे एक मूळ लेखकांना कधी पाहावयास शिकविलेच गेले नाही यात आहे, अशी माझी समजूत आहे.

तिसरा आक्षेप काळाचा. प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेण्याचे यंत्र असता रेघा कशास ओढावयाच्या? याला त्याच कपाटातील एक जुनी वही उत्तर देते. तिच्यात होटगी रस्त्याच्या बाजूने दिसणारे सिद्धेश्वर साखर कारखान्याचे उंच धुराडे आहे. विमानांच्या वाटेत येते म्हणून ते धुराडे जून २०२३ मध्ये पाडण्यात आले. ते कोसळतानाची दृश्ये लोकांनी मोबाइलवर टिपली, दुसऱ्यांस पाठविली, आणि पुढच्या दृश्यासरशी विसरून गेले. वहीतील मुलाने त्याच्या आदल्या वर्षीच ते काढून ठेवले होते. उंची साधेना म्हणून त्याने शेजारचे पान उलटे जोडून घेतले आहे. धुराडे एका पानात मावले नाही, ही त्याच्या उंचीची जी जाणीव त्या जोडामुळे होते, ती छायाचित्रात मला आढळली नाही. गिरण्यांच्या या गावात भोंगे बंद पडले, माग कमी झाले, आणि पुढेही पुष्कळ गोष्टी जातील. जाणाऱ्या गोष्टीकडे निदान वीस मिनिटे कोणी एकाने टक लावून पाहिले होते, एवढी साक्ष अशा वहीत राहते.

खरा आक्षेप चौथाच आहे, आणि तो कोणी उघड बोलत नाही. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीप्रमाणे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. वहीमुळे काही मिळत नाही. गेल्या वर्षी पालकांच्या सभेत हा हिशेब मांडला गेला, आणि येत्या जूनपासून चित्रकलेचा तो तास परीक्षेच्या सरावास द्यावा, असे ठरण्याच्या बेतात आहे. कपाटही परत हवे आहे. तसे झाले तर वह्यांची वाट ठरलेली आहे.

मी परीक्षा बंद करा असे म्हणत नाही. गुणांची गरज गरीब घरांना अधिक असते, हे मला ठाऊक आहे. पण स्मरणचित्राला ज्या स्मरणाची जरूर आहे ते या वहीतच साठत असते. तयार फुगेवाला घोटण्यात जे तास जातात, त्यांतील निदान एक पान आठवड्यास पाहण्यासाठी राखून ठेवले, तर परीक्षेचेही नुकसान होईल असे मला वाटत नाही. मुख्याध्यापकांस एवढीच विनंती आहे की, कपाट हवे तर घ्यावे, परंतु वह्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या रांगेस लावाव्यात, किंवा ज्यांच्या त्यांना परत द्याव्यात. आणि पालकांस ही की, मुलाची वही एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी; चांगले चित्र कोणते हे त्याला विचारू नये, हे कोठे बसून काढलेस ते विचारावे.

मी निघालो त्या दिवशी विड्यांच्या हातांची ती मुलगी वही मागावयास आली होती. आजीला पाहावयाची आहे, म्हणाली. शिक्षकांनी ती गठ्ठ्यातून काढून दिली. कपाटातील एक वही तरी त्या दिवशी रद्दीतून वाचली.